एक्झोम रिपोर्ट निगेटिव्ह, पण आजार जनुकातच: देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहितेय. गाव, नावं, व्यवसाय आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत. मी मुंबईत जेनेटिक कौन्सेलर म्हणून काम करते, माहेर कणकवलीकडचं, त्यामुळे तळकोकणातून फोन आला की बऱ्याचदा माझ्याकडे वळवतात, तसाच हा आला.

पार्श्वभूमी

नवराबायको दोघं तिशीच्या आतली. त्याची हापूसची थोडी कलमं, बाकी वर्षभर छोटीमोठी कामं, ती अंगणवाडीत मदतनीस. लग्न नात्यातलं नाही, तिचं माहेर खाडीपलीकडच्या गावात. पहिली मुलगी झाली तेव्हा वजन वगैरे सगळं ठीक, दोन महिन्यांची होईपर्यंत कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मग आजीच्या लक्षात आलं की पोरगी पाय मारत नाही, मान धरत नाही, रडते पण आवाजात जोर नाही. डोळे मात्र एकदम तरतरीत, आलेल्या माणसाकडे टक लावून बघायची आणि हसायची.

तालुक्याला दाखवलं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून गोव्याला की मुंबईला असा घोळ होऊन शेवटी मुंबईला. एका बालरोगतज्ज्ञांनी जनुकीय आजार असावा म्हणून होल एक्झोम टेस्ट सांगितली, म्हणजे सगळ्या जनुकांतले प्रोटीन बनवणारे भाग एकत्र वाचणारी चाचणी, सगळं एकदम तपासून होईल या विचाराने. आंब्याच्या सिझनची उचल घेऊन पैसे भरले. पाचेक आठवड्यांनी रिपोर्ट आला, लक्षणांशी जुळणारा कोणताही दोष सापडला नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ घेतला की आजार जनुकीय नाहीच. मुलगी आठव्या महिन्यात न्यूमोनियाने गेली.

त्यानंतरचं वर्ष घरात कसं गेलं ते ती मला फोनवर फार तुटक सांगायची. गावात कौल लावून झाला, बाहेरचं काही आहे का ते बघून झालं, आणि सगळ्या बोलण्याचा रोख फिरून फिरून सुनेवरच यायचा, हिने गरोदरपणात काय खाल्लं, ही कुठे गेली होती. रिपोर्टमध्ये काही नाही म्हटल्यावर दोष कुणावर तरी टाकायला मोकळी जागाच मिळाली ना.

दुसऱ्यांदा दिवस गेले, नववा आठवडा चालू होता, तेव्हा त्यांच्या गावाजवळच्या एका डॉक्टर मॅडमनी त्यांना माझा नंबर दिला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या फोनवर नवरा म्हणाला, "ताई, रिपोर्ट निगेटिव्ह इलो मा, मगे आता परत रक्त कित्याक?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला सगळी कागदपत्रं व्हॉट्सअॅपवर टाकायला सांगितली, आणि मुलीचे मोबाईलमधले व्हिडिओ असतील तर तेही. ते व्हिडिओ बघितल्यावर मला रिपोर्टवर शंका आली. पाय बेडकासारखे बाहेर पडलेले, छाती वरून अरुंद आणि खाली घंटेसारखी पसरलेली, श्वास पोटाने घेतेय, आणि एका क्लिपमध्ये जीभ बारीक थरथरताना दिसते. मुंबईच्या डिस्चार्ज कार्डावर गुडघ्याचे रिफ्लेक्स येत नाहीत असंही लिहिलेलं होतं.

हे चित्र स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीचं आहे, एसएमए. सगळ्यात तीव्र प्रकार, टाईप 1. साधारण दहा हजार जन्मांमागे एक बाळ असं प्रमाण धरतात, आणि वाहक, म्हणजे या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक सदोष असलेली माणसं, तर 40 ते 60 माणसांमागे एक; आईवडील दोघंही वाहक असतील तरच बाळाला सहसा आजार होतो, म्हणजे नात्यात लग्न नसतानाही दोन वाहक एकमेकांच्या समोर येणं अजिबात दुर्मिळ नाही. "आमच्यात असा कोणाक नाय" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि ते खोटंही नसतं, वाहकाला काहीच त्रास नसतो त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कळतच नाही.

मग एक्झोममध्ये हे का दिसलं नाही? रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, बारीक टाईपात, मर्यादांच्या यादीत लिहिलं होतं की एकमेकांशी अतिशय साम्य असलेल्या जनुकांमधले दोष आणि प्रतींच्या संख्येतले फरक या चाचणीत सापडतीलच असं नाही. पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरात निगेटिव्ह. आणि लॅबला पाठवलेल्या फॉर्मवर लक्षणं म्हणून एकच शब्द, हायपोटोनिया, म्हणजे स्नायू ढिले. जिभेचं थरथरणं नाही, रिफ्लेक्स नाहीत, काही नाही. तिकडे स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाने एसएमएचा विचार करावा असा एकही धागा त्याच्या हातात नव्हता.

हे जनुक वाचायला अवघड का

हा भाग जरा लांबेल, पण तो समजल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत.

आपला जीनोम म्हणजे साधारण 300 कोटी अक्षरांचा मजकूर, आणि तो सलग वाचणारं मशीन आजही नाही. तुकडे वाचायचे आणि कॉम्प्युटरवर जुळवायचे, एवढंच करता येतं. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट 1990 ला सुरू झाला तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या गटाने सावकाश पण भक्कम रस्ता धरला, आधी जीनोमचे साधारण दीड लाख अक्षरांचे मोठे तुकडे जिवाणूंमध्ये वाढवायचे, कुठला तुकडा कुठल्या शेजारी बसतो याचा नकाशा करायचा, मग एकेक तुकडा बारीक करून वाचायचा. क्रेग व्हेंटर यांच्या सेलेरा कंपनीने 1998 मध्ये दुसरा रस्ता धरला, होल जीनोम शॉटगन, म्हणजे सगळ्याचाच एकदम चुरा करा, वाचा आणि जुळवणी कॉम्प्युटरवर सोडा. दोघांचेही मसुदे फेब्रुवारी 2001 मध्ये छापून आले, आणि प्रोजेक्ट पूर्ण झाल्याची घोषणा एप्रिल 2003 मध्ये झाली.

शॉटगन वेगवान होती यात वाद नाही, पण जिथे मजकूर पुन्हा पुन्हा येतो तिथे ती अडखळते. गावच्या भजनी मंडळाची वही घ्या, तिच्यात दोन भजनांचं धृपद जवळजवळ एकच आहे, फक्त एका अक्षराचा फरक, आणि ती वही कोणीतरी फाडून चार चार शब्दांचे कपटे केले. अंतऱ्यातले कपटे कुठल्या भजनाचे ते लगेच कळेल, पण धृपदाचा कपटा हातात आला तर तो या भजनाचा की त्या भजनाचा हे बुवासुद्धा सांगू शकणार नाहीत, जोपर्यंत ते एक वेगळं अक्षर त्याच कपट्यावर आलेलं नाही. आणि वहीतून एक भजन अख्खं गायब झालं असेल तरी धृपदाचे कपटे मिळतच राहणार, त्यामुळे काही कमी आहे हेच कळणार नाही.

एसएमएमध्ये अगदी हेच होतं. पाचव्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एसएमएन1 नावाचं जनुक आहे, आणि त्याच भागात त्याचं जवळजवळ जुळं भावंड, एसएमएन2. आजूबाजूचा सुमारे पाच लाख अक्षरांचा पट्टाच दुप्पट झालेला आहे. दोघांतला कामाचा फरक सातव्या एक्झॉनमधलं, म्हणजे जनुकाच्या सातव्या कामाच्या तुकड्यातलं, एक अक्षर, एसएमएन1 मध्ये सी आणि एसएमएन2 मध्ये टी. त्या एका अक्षरामुळे एसएमएन2 पासून बरंचसं प्रोटीन अर्धवट बनतं. हे जनुक 1995 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी शोधलं, आणि सुमारे 95 टक्के रुग्णांमध्ये एसएमएन1 चा सातवा एक्झॉन दोन्ही क्रोमोसोमवर नसतो हे आता पक्कं माहीत आहे.

आता नेहमीचं एक्झोम बघा. साधारण 150 अक्षरांचे कपटे वाचायचे आणि आधीच तयार असलेल्या संदर्भ जीनोमवर बसवायचे. एसएमएनचा कपटा दोन्हीकडे सारखाच बसतो, म्हणून सॉफ्टवेअर त्याला विश्वासाचा गुण शून्य देतं आणि पुढची पायरी असे शून्यवाले कपटे बाजूला टाकते. म्हणजे जनुक वाचलं गेलं, मशीनने चूक केली नाही, पण विश्लेषणात ते आलंच नाही. काही लॅब यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लावतात आणि रिपोर्टमध्ये तसं लिहितात, या लॅबने तेव्हा लावलेलं नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

नववा आठवडा चालू होता हे डोक्यात ठेवून वाचा. वारेचा नमुना 11 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान घेतात, गर्भजल सोळाव्या आठवड्यानंतर. श्रावण सुरू होता, पाऊस धो धो.

दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा एक्झोम करायचं हा घरच्यांना सुचलेला मार्ग होता, पण त्याच पद्धतीने तोच प्रश्न परत विचारण्यात अर्थ नव्हता. होल जीनोम म्हणजे फक्त जनुकांचे तुकडे नाही तर अख्खा जीनोम, पण कपटे तेवढेच लहान, शिवाय खर्च जास्त.

लाँग रीड सिक्वेन्सिंगचा, म्हणजे खूप लांब तुकडे एकसलग वाचण्याचा, पर्याय एका ओळखीच्या संशोधकाने मोठ्या उत्साहाने सुचवला. त्याच्या उत्साहाला कारण आहे. पॅकबायो कंपनीच्या हायफाय पद्धतीत 15-20 हजार अक्षरांचे तुकडे 99.9 टक्क्यांच्या वर अचूक वाचता येतात, ऑक्सफर्ड नॅनोपोअरच्या मशीनवर लाखाच्या वर जातात. या दोन्हींच्या जोरावर टीटूटी (टेलोमिअर-टू-टेलोमिअर) या संशोधक गटाने 2022 मध्ये पहिला खऱ्या अर्थाने सलग मानवी जीनोम छापला, 305.5 कोटी अक्षरं, आधीच्या संदर्भात नसलेली जवळपास 20 कोटी अक्षरं त्यात आली. त्यासाठी पेशीही खास निवडल्या होत्या, द्राक्षगर्भातून (बाळ न होता वाढलेल्या सदोष गर्भातून) आलेल्या, ज्यात क्रोमोसोमच्या दोन्ही प्रती एकसारख्याच असतात, म्हणजे आईची प्रत आणि वडिलांची प्रत यांचा गोंधळच नको. मला स्वतःला हे काम फार मोठं वाटतं, अशा दुहेरी भागांतले आजार यातूनच सुटत जाणारेत. पण आमच्यासमोरचा प्रश्न होता एसएमएन1 च्या प्रती किती, शून्य, एक की दोन. त्यासाठी अख्खी वही परत लिहून काढायची गरज नव्हती आणि तेवढे आठवडेही नव्हते.

उरले दोन मार्ग. एक म्हणजे एमएलपीए, ही सिक्वेन्सिंगची चाचणीच नाही, त्या वेगळ्या अक्षराच्या जागीच चिकटणारे प्रोब लावून प्रती मोजायच्या. काही हजारांत होते, रिपोर्ट आठवड्याभरात मिळतो. दुसरा, जुन्या एक्झोमचा कच्चा डेटा परत मागवून तो हाताने बघायचा.

काय केलं

पहिला निर्णय क्रमाचा होता. नियमाप्रमाणे आधी आजारी बाळाचं निदान पक्कं करायचं, मग आईवडील, मग गर्भ. पण बाळाचा डीएनए लॅबकडे शिल्लक आहे की नाही हेच माहीत नव्हतं, आणि त्याची वाट बघत बसलो असतो तर आठवडे हातचे गेले असते. म्हणून तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या, आईवडिलांचं रक्त एमएलपीएसाठी, लॅबला कच्च्या डेटाची लेखी मागणी, आणि उरलेला डीएनए जपून ठेवण्याची विनंती. आईवडील दोघंही वाहक निघाले आणि मुलीची लक्षणं अशी, तर तिचा डीएनए नाही मिळाला तरी पुढे जाता येईल असा आमचा आणि फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या तपासण्या करणाऱ्या) डॉक्टरांचा विचार झाला.

रक्त गावाजवळच्या डॉक्टर मॅडमनी काढलं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. फ्रीजरमध्ये टाकू नका हे मी दोनदा सांगितलं, कारण गोठवून वितळलेलं रक्त खराब होतं, साध्या तापमानात मात्र ते काही दिवस टिकतं. कुरिअर दरड पडल्यामुळे अडकेल ही भीती होती म्हणून नवऱ्याने ट्यूब स्वतःच रेल्वेने आणल्या, जनरल डब्यातून उभ्याने. स्टेशनवर त्याने डबा हातात दिला तेव्हा बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून, आत कापूस घालून इतका नीट बांधला होता की उघडायला कात्री लागली.

डेटाच्या बाबतीत लॅबने फोनवर आधी हात वर केले, डेटा देत नाही, नमुना टाकून दिला असेल. मग आई आणि वडील दोघांच्या सहीचा ईमेल गेला, रिपोर्ट नंबरसकट, त्यावर तीन दिवसांत दोन्ही मिळालं, डेटा पण आणि फ्रीजरमधला डीएनए पण. लेखी मागा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्या सहकाऱ्याने फाईल उघडून, शून्य गुणवाले कपटे न गाळता, एसएमएन1 आणि एसएमएन2 चे मिळून सगळे कपटे त्या एका अक्षराच्या जागी रांगेत लावले. सगळे टी. सी असलेला एकही नाही. म्हणजे जे काही वाचलं गेलं होतं ते सगळं एसएमएन2 मधून आलेलं, एसएमएन1 चा सातवा एक्झॉन तिच्याकडे नव्हताच. तो स्क्रीन बघताना मला रडू आलं, ती मुलगी जिवंत असतानाच हे उत्तर त्या फाईलमध्ये पडलेलं होतं. पण नुसत्या कपट्यांच्या मोजणीवर निदान द्यायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून शिल्लक डीएनएवर एमएलपीए केली. एसएमएन1 शून्य प्रती, एसएमएन2 दोन. आईवडिलांकडे एसएमएन1 ची प्रत्येकी एक.

दुसरा कठीण निर्णय त्या दोघांचा होता. दर गरोदरपणात 25 टक्के शक्यता बाळाला आजार, 50 टक्के वाहक, 25 टक्के दोन्ही प्रती व्यवस्थित. वारेच्या तपासणीत गर्भपाताचा धोका थोडा का होईना असतो, तो घ्यायचा का? आणि आजार निघाला तर काय करायचं? हे मी त्यांना तपासणीच्या आधीच विचारलं, निकालानंतर विचारणं म्हणजे त्यांना कोंडीत पकडणं. औषधांबद्दलही सगळं सांगितलं, 2016 पासून नुसिनर्सेन, 2019 मध्ये जीन थेरपी, 2020 मध्ये तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लॅम, लवकर सुरू केलं तर फरक खूप मोठा पडतो, आणि किंमतीही सांगितल्या. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली केंद्राकडून ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएम रुग्णालय हे त्याचं एक केंद्र आहे, पण ती मर्यादा आणि आयुष्यभराचा खर्च यांचा मेळ बसत नाही हेही लपवलं नाही. दोघं दोन दिवस विचार करून म्हणाली, तपासणी करू.

बाराव्या आठवड्यात नोंदणी असलेल्या केंद्रात, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याचे सगळे फॉर्म भरून, वारेचा नमुना घेतला. सोबत आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना याचीही वेगळी चाचणी केली, कारण त्या मिसळल्या असतील तर आपण बाळाचा म्हणून आईचाच निकाल वाचतो.

निकाल

गर्भाकडे एसएमएन1 ची एक प्रत, म्हणजे वाहक, आजार नाही. पूर्ण दिवसांचा मुलगा झाला, नाळेतल्या रक्तावर तेच परत तपासून घेतलं. आता तो घरभर रांगतो.

मला तेवढाच महत्त्वाचा वाटलेला दुसरा परिणाम घरातला आहे. आईवडिलांचे रिपोर्ट आले तेव्हा मी मुद्दाम सासूबाईंना फोनवर घेतलं, स्पीकरवर सगळ्यांसमोर, आणि दोघांचे आकडे वाचून दाखवले, एक आणि एक. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिच्यात आसा तसाच माझ्या झिलातय आसा?" मी म्हटलं हो आजी, अगदी तसंच, आणि दोघांचाही त्यात काही दोष नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. घरातूनच नंतर कळलं की त्या दिवसापासून तो विषय सुनेच्या नावाने निघालेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मानेत जोर नसलेलं, रिफ्लेक्स नसलेलं, डोळ्यांनी तरतरीत बाळ समोर आलं की आधी एसएमएची एमएलपीए, एक्झोम नंतर. स्वस्त आहे, लवकर होते, आणि नेमका प्रश्न विचारते. सगळं एकदम तपासू या विचाराने मोठी टेस्ट केली की घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही वाटतं आता काही राहिलंच नाही, आणि शोध तिथेच थांबतो. या मुलीच्या बाबतीत पाच आठवडे वाट बघण्यात आणि उरलेले दिवस चुकीच्या समजुतीत गेले. निदान वेळेत झालं असतं तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, औषध मिळवण्याची लढाई मोठी आहे, पण ती लढाई सुरू करण्याचा हक्क तिच्या आईवडिलांना मिळायला हवा होता.

फॉर्मवर लक्षणं नीट लिहिली असती तर? माझं मत, इथेच सगळ्यात सोपी सुधारणा होती. चार ओळी जास्त लिहायच्या, दोन व्हिडिओ जोडायचे.

लॅबकडून अपेक्षा एवढीच की जे जनुक या पद्धतीत वाचता येत नाही ते पहिल्या पानावर लिहा, विशेषतः ज्या बाळासाठी टेस्ट पाठवलीय त्याच्या लक्षणांशी त्याचा संबंध असेल तेव्हा. शेवटच्या पानावरच्या इंग्रजीतल्या बारीक ओळी देवगडच्या घरात कोण वाचणार आहे.

एमएलपीएच्याही मर्यादा आहेत. कधीकधी एखाद्याच्या एका क्रोमोसोमवर एसएमएन1 च्या दोन प्रती असतात आणि दुसऱ्यावर शून्य, मोजल्या तर बेरीज दोनच येते आणि वाहक असून तो सुटतो. या जोडप्यात तसं झालं असतं तर आमचा सगळा भार मुलीच्या शिल्लक डीएनएवर पडला असता, म्हणून तो नमुना जपण्याची विनंती पहिल्याच दिवशी केली ते बरं झालं. अशा ठिकाणी कुठली प्रत कुठल्या क्रोमोसोमवर आहे हे सांगण्यासाठी लाँग रीडच्या पद्धती खरोखर उपयोगी पडतील, त्या लवकर रोजच्या तपासणीत याव्यात असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचं चाललंय, ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. घरचे म्हणतात तपासलं आणि बातमी बाहेर गेली तर स्थळं येणार नाहीत. मी तिच्याशी एकटीशी बोलले, तिला म्हटलं हा निर्णय तुझा, रिपोर्ट फक्त तुझ्या हातात मिळेल, आणि तू वाहक निघालीस तरी होणारा नवरा वाहक नसेल तर बाळाला हा आजार होण्याची शक्यता नगण्यच. तिने अजून रक्त दिलेलं नाही. लग्न ठरल्यावर दोघांची एकदमच करू असं तिचं म्हणणं आहे, आणि तिच्या फोनमध्ये माझा नंबर आहे.